खुत्ब्यात नाव एकाचे, सत्ता दुसऱ्याची

प्रश्न : पहिल्या चार खलिफांना, म्हणजे पैगंबर मुहम्मदांनंतर मुस्लिमांचे नेतृत्व करणाऱ्यांना, दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्या घराण्यात का धरत नाहीत?

उत्तर : अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली (इ.स. ६३२ ते ६६१) यांच्यापैकी कोणीही वडिलांच्या जागी आलेला नाही. उस्मान उमय्या कुळातलेच होते, तरी त्यांच्यामागून खिलाफत मुलाकडे गेली नाही. अलींनंतर खलिफा झालेले उमय्या कुळातले मुआविया यांनी आपल्या हयातीतच मुलगा यझीद याच्या नावाने निष्ठेची शपथ घ्यायला लावली, आणि घराणे मोजायचे ते तेथून.

प्रश्न : ७५० मध्ये उमय्यांचा पाडाव झाला, मग स्पेनमध्ये उमय्या कसे?

उत्तर : पाडाव झाला तो दमास्कसच्या गादीचा. उमय्यांना उलथवून खलिफा झालेल्या अब्बासी घराण्याने त्या कुळातल्या पुरुषांची कत्तल केली, त्यातून निसटलेल्या अब्दुर्रहमानने उत्तर आफ्रिकेमार्गे स्पेन गाठून ७५६ मध्ये कोर्दोबा घेतले. खलिफा ही पदवी मात्र त्या घराण्याने ९२९ मध्ये घेतली. तोवर फातिमी या शिया घराण्यानेही उत्तर आफ्रिकेत आपला खलिफा उभा केला होता, म्हणजे एका वेळी तीन खलिफा.

प्रश्न : अब्बासींनी ७५० ते १२५८ अशी पाचशे वर्षे राज्य केले, हे बरोबर का?

उत्तर : गादी पाचशे वर्षे टिकली, एवढेच म्हणावे. ९४५ मध्ये इराणी बुवैहींनी बगदाद ताब्यात घेतले, १०५५ मध्ये सेल्जुक तुर्क तुघ्रिल आला. सैन्य आणि महसूल त्यांच्या हाती, खलिफाकडे उरले ते मुख्यतः शुक्रवारच्या खुत्ब्यातले (नमाजाच्या वेळच्या प्रवचनातले) आणि नाण्यांवरचे नाव. बाराव्या शतकात काही खलिफांनी बगदादच्या परिसरात पुन्हा जम बसवला, हेही खरे.

या नावाचे वजन पाहायचे तर दिल्लीची नाणी हातात घ्यावीत. बगदाद घेणाऱ्या मंगोल हुलागूने १२५८ मध्ये खलिफा मुस्तअसिम याला ठार केले, तरी बल्बनच्या आणि पुढे जलालुद्दीन खिलजीच्या चांदीच्या टंक्यावर त्याचेच नाव आहे. इजिप्तचा सुलतान बैबर्स याने १२६१ मध्ये कैरोत अब्बासी वंशातला खलिफा बसवला, पण त्याला कारभारात फारसा वाव नव्हता. देवगिरीला दौलताबाद करणाऱ्या मुहम्मद तुघलकाने मात्र या कैरोच्या खलिफाकडून मान्यता मागितली आणि आपले नाव वगळून खलिफा मुस्तक्फीच्या नावाने नाणी पाडली. मुस्तक्फी १३४० मध्येच वारला होता; नाणी त्यानंतरही पडत राहिली.