लाइटरूम विकत घेतलं होतं, मंग आता दर महिन्याले पैसे काहून?

प्रश्न : दारव्ह्याजवळ आमचा लहान स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं करतो. अ‍ॅडोबी कंपनीचं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम ६ विकत घेतलेलं, मस्त चालू होतं. आता नवीन कॅमेरा घेतला तर त्याच्या रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ, कच्च्या फाइली) उघडूनच नाही राहिल्या. दुकानदार म्हणते महिन्याचा प्लॅन घ्याच लागते. पावसाळ्यात धंदा नसते, मंग बाराही महिने पैसे काहून भराचे?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, अजून पैसे भरू नका. प्रत्येक नवीन कॅमेऱ्याची रॉ फाइल वेगळी असते, ती ओळखायला सॉफ्टवेअरला अपडेट लागतो, आणि लाइटरूम ६ चे अपडेट २०१७ च्या डिसेंबरातच संपले, त्यामुळे त्यानंतर आलेला कॅमेरा त्याला माहीतच नाही. पण अ‍ॅडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, तो रॉ फाइलीची जुन्या लाइटरूमला वाचता येणारी डीएनजी फाइल करून देतो. फोटो हार्ड डिस्कवर घ्या, कन्व्हर्टरच्या प्रेफरन्समधी कम्पॅटिबिलिटीत जुनं व्हर्जन निवडा, फोल्डर दाखवा, अन् ज्या डीएनजी फाइली निघतील त्या लाइटरूम ६ मधी इम्पोर्ट करा. पूर्ण लग्नाचे फोटो असले तर वेळ लागतो, लाइनचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर लावा, आणि मूळ रॉ अजिबात डिलीट करू नका. फक्त कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल तर कन्व्हर्टरचं नवीन व्हर्जन चालणार नाही, ते आधी पाहून घ्या.

आता प्लॅनचं. २०१२ चं सीएस ६ हे विकत मिळणारं शेवटचं फोटोशॉप, २०१३ पासून फोटोशॉपचं नवीन व्हर्जन भाड्यानंच. तुमच्यासारख्या हंगामी धंद्यावाल्याला खरा फटका बसतो तो "वर्षाचा करार, हप्ता महिन्याचा" या प्रकारात, लोकं समजतात महिन्याचा आहे, पाहिजे तेव्हा बंद करू, आणि १४ दिवसांनंतर बंद केला की उरलेल्या हप्त्यांच्या निम्मे पैसे कापतात. हे मला अजिबात पटत नाही, निवडतानाच मोठ्या अक्षरात सांगायला पाहिजे. म्हणून दुकानदाराच्या हातानं प्लॅन घेऊ नका, स्वतः वाचून घ्या.

अल्बमच्या पीएसडी (फोटोशॉपच्या फाइलीतल्या) डिझाइनसाठी अ‍ॅफिनिटी वापरून पाहा, २०२४ मधी कॅनव्हा या डिझाइन कंपनीनं ती कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून प्रोग्राम फुकट केला, कॅनव्हाचं खातं तेवढं लागतं. पीएसडी उघडते, पण टेम्प्लेटमधले फॉन्ट अन् इफेक्ट कधी कधी हलतात, ऐन लग्नसराईत नका बदलू, आत्ता रिकाम्या दिवसांत एक जुना अल्बम त्यात करून पाहा.

प्रश्न : पुढं कधी प्लॅन घेतलाच आणि मंग बंद केला तर जुनी एडिटिंग जाईल का?

उत्तर : फोटो कुठं जात नाहीत, ते तुमच्याच डिस्कवर असतात. लाइटरूम क्लासिक (प्लॅनमधी मिळणारं नवीन लाइटरूम) नंतरही उघडते, फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात, फक्त डेव्हलप (जिथं फोटो सुधारतो तो भाग) अन् मॅप बंद पडतात. पण एक लक्षात ठेवा, नवीन व्हर्जन कॅटलॉग (ज्या फाइलीत तुमच्या सगळ्या एडिटिंगची नोंद असते ती) अपग्रेड करते आणि तो अपग्रेड झालेला कॅटलॉग लाइटरूम ६ मधी परत उघडत नाही. म्हणून आधी जुन्या कॅटलॉगची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, आणि ज्या अल्बमचे पैसे गिऱ्हाइकाकडून यायचे आहेत त्याचे फायनल जेपीजी पण त्याच दिवशी एक्सपोर्ट करून घ्या.