कांद्याचे कुल का बदलले?

प्रश्न : आमची कांद्याची शेती निफाड तालुक्यात आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेताना मी कांदा लिलिएसी कुलात शिकलो. मुलीच्या पुस्तकात तो अमॅरिलिडेसीत आहे. कांदा तर तोच आहे, मग डीएनए तपासून त्याचे कुल बदलण्याचे कारण काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण शिकलात ती मांडणी बेंथॅम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांची (१८६२–१८८३). लिली (लिलिएसी) आणि नर्गिस (अमॅरिलिडेसी) यांची कुले त्यांनी मुख्यतः किंजपुटाच्या, म्हणजे फुलातील ज्या भागात बिया तयार होतात त्याच्या, जागेवरून वेगळी केली. कांद्याच्या फुलात किंजपुट पाकळ्यांच्या वर असतो म्हणून तो लिलीकडे गेला. निशिगंधाचा खाली असतो म्हणून तो नर्गिसाकडे. शतावरी, कोरफड, कळलावी यांनाही लिलिएसीतच जागा मिळाली आणि ते कुल, स्पष्टच बोलायचे तर, अडगळीची खोली झाले.

हरितलवकातील आरबीसीएल या जनुकात डीएनएची सुमारे १,४०० अक्षरे असतात. अनेक वनस्पतींमधील ही अक्षरे एकाखाली एक मांडली, की कोणते बदल कोणाकोणात सामाईक आहेत ते दिसते, आणि असे बदल बहुतांशी समान पूर्वजाकडून आलेले असतात. १९९३ मध्ये सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींची अशी तुलना प्रसिद्ध झाली. एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असल्याने पुढे इतर जनुकांचीही भर पडली. त्यातून कांदा, शतावरी, कोरफड आणि चक्क ऑर्किड एका गणात (अनेक कुलांच्या मोठ्या गटात) आले, तर कळलावी तेवढी लिलीच्या गणात राहिली. किंजपुटाची जागा या वंशांत एकाहून अधिक वेळा बदलली असल्याने नात्याचा पुरावा म्हणून ती कच्ची ठरली. २००९ च्या सुधारित वर्गीकरणात कांदा-लसणाचा गट अमॅरिलिडेसीत विलीन झाला. निशिगंध मात्र तिथून निघून शतावरीच्या कुलात गेला.

हा निकाल केवळ प्रयोगशाळेतला आहे, असे मात्र नाही. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचा गोंडा हातात घेऊन पाहावा : बिनपानांच्या पोकळ दांड्याच्या टोकाशी, पापुद्र्यासारखे आवरण फाटून, एकाच ठिकाणाहून देठ फुटलेली फुले दिसतील. नर्गिसाच्या फुलोऱ्याची ठेवणही अशीच असते. याच लक्षणावरून ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हचिन्सन यांनी १९३४ मध्येच कांद्याला अमॅरिलिडेसीत नेले होते; त्या वेळी ते सर्वांना पटले नाही, इतकेच.

मुलीने परीक्षेत अमॅरिलिडेसी असेच लिहावे. कांद्याचे ॲलियम सेपा हे शास्त्रीय नाव मात्र १७५३ पासून कायम आहे. तथापि भारतातील अनेक जुन्या वनस्पतिसंग्रहांची कपाटे अजून बेंथॅम-हूकर यांच्या क्रमानेच लावलेली असल्यामुळे, तिथे कांद्याचा नमुना पाहायचा झाल्यास तिला लिलिएसीचाच कप्पा उघडावा लागेल.