शब्दशंका : घरामागची क्रीक

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो. परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "आबा, आमच्या घरामागे क्रीक आहे, मी बूट काढून पलीकडे जातो." मी ऐरोलीला राहतो, गॅलरीतून ठाण्याची खाडी दिसते. तिलाही ठाणे क्रीकच म्हणतात. ती बूट काढून कोण ओलांडेल? मग क्रीकचा खरा अर्थ कोणता आणि त्याला दुसरे शब्द कोणते?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नातू अगदी बरोबर बोलतोय, आणि तुमच्या गॅलरीसमोरची क्रीकही खरीच. इंग्लंडमधल्या इंग्रजीत क्रीक म्हणजे समुद्राचं पाणी जमिनीत घुसून झालेली चिंचोळी जागा, आपली खाडी. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही क्रीक म्हणजे ओढा. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, 'कोपरा, वळण' अशा अर्थाचा. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा नदीच्या मुखाशी दिसलेल्या खाडीला त्यांनी क्रीक म्हटलं. पुढे त्याच प्रवाहाच्या काठाने आत आत गेले, तसं नावही त्यांच्याबरोबर वर सरकलं, आणि शेवटी गोड्या पाण्याच्या ओढ्यालाही चिकटलं. काही भागांत तिथले लोक त्याचा उच्चार 'क्रिक' असा आखूड करतात. नातू तसं म्हणाला तर दुरुस्त करू नका.

हा शब्द मला फार जवळचा आहे. माझं माहेर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं. खाडी आमच्या घराच्या मागच्या दारी होती असं म्हटलं तरी चालेल. ओहोटीला चिखल उघडा पडायचा, त्यावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारायच्या, काका चिंबोऱ्या घेऊन यायचे. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची छोटी भरती यांतला फरक मला शाळेत शिकावा लागला नाही. आणि तरीही नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षं एक चूक करत आले. पाठात अमेरिकेतला एक मुलगा रोज क्रीक ओलांडून शाळेत जातो, आणि मी फळ्यावर लिहायची : क्रीक = खाडी. एके वर्षी विटाव्याची एक मुलगी उभी राहिली. "बाई, भरती आली की तो मुलगा घरी कसा जायचा?" ज्या खाडीकाठी मी वाढले, तिथलाच तो प्रश्न होता आणि मला कधी पडला नव्हता. त्या दिवसापासून मी आधी एवढंच विचारते : या पाण्याला भरती-ओहोटी आहे का? असेल तर खाडी, नसेल तर ओढा.

ही कसोटी लावून बघा. गुजरात आणि सिंधच्या सीमेवरची सर क्रीक, दुबईची क्रीक (अरबीत तिला खोर म्हणतात), या दोन्ही खाड्या. मिशिगनमधलं बॅटल क्रीक हे शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तिथे खाडी असणारच नाही. आणि आपली ठाण्याची खाडी? तिला भरती-ओहोटी आहेच, आणि ती बूट काढून ओलांडता येत नाही. 1854 मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे न्यायची तर तिच्यावर पूल बांधावाच लागला.

आता समानार्थी शब्द. खाडीच्या अर्थाने इंग्रजीत इनलेट चालतो. एस्चुअरी जवळचा आहे पण तोच नव्हे. तिथे मोठी नदी समुद्राला मिळते, उल्हास नदी वसईजवळ मिळते तशी. ओढ्याच्या अर्थाने स्ट्रीम किंवा ब्रुक. मराठीत तर आपली श्रीमंती बघा : ओढा, ओहोळ, वहाळ, पऱ्ह्या, झरा. नातवाच्या क्रीकला मी ओढा किंवा ओहोळ म्हणेन. नाला मात्र म्हणू नका, शहरात त्या शब्दाला आता सांडपाण्याचा वास येतो.

तो सुट्टीत आला की त्याला ऐरोलीच्या खाडीकाठी दोनदा न्या, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. हिवाळ्यात आला तर चिखलात चरणारे रोहित पक्षीही दिसतील.

प्रश्न : बातमीत 'बंगालच्या खाडीत वादळ' असं वाचलं. बरोबर आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही, आणि हे वाचून मला दरवेळी वाईट वाटतं. हिंदीत बे, गल्फ, दोन्हींना खाडीच म्हणतात. मराठीत बंगालचा उपसागर, खंबातचं आखात, आणि ठाण्याची खाडी. म्हणून हिंदीतले 'खाडी देश' मराठीत आखाती देश होतात. तीन वेगळ्या पाण्यांना आपल्याकडे तीन वेगळी नावं आहेत, ती वापरा.