टंगस्टन टी मोबाइलशी पेअर होतो, पण डायल केलं की इंटरनेट मिळत नाही. मोबाइल मोडेम म्हणून वापरता येईल का?

तुमचा पाम टंगस्टन टी हा हातात मावणारा जुना संगणक आताच्या अँड्रॉइड मोबाइलशी ब्लूटूथवर पेअर होतो, मोबाइलमध्ये ब्लूटूथ टेदरिंगही चालू आहे, तरी पामवर कनेक्ट दाबलं की जरा वेळाने एरर येते, असं तुम्ही लिहिलं आहे. इंटरनेट नक्की मिळेल, फक्त बहुतेक त्या मोबाइलकडून थेट मिळणार नाही. यात बिघाड कशाचाच नाही. दोन्ही उपकरणं आपापलं काम बरोबर करताहेत, पण त्यांनी एकमेकांकडून धरलेली अपेक्षाच वेगळी आहे.

पेअर होणं म्हणजे दोघांची ओळख पटली, एवढंच. ओळखीनंतर काय करायचं हे प्रोफाइलवर, म्हणजे ब्लूटूथवरून एखादं काम कसं करायचं याच्या नियमांवर, ठरतं, आणि ते प्रोफाइल दोन्हीकडे असावं लागतं. टंगस्टन टी २००२ साली आला. मोबाइलवरून इंटरनेट घेताना तो डीयूएन, म्हणजे डायल-अप नेटवर्किंग, हे प्रोफाइल वापरतो. त्यात मोबाइल खरोखर मोडेम असतो: पाम त्याला एटी कमांड, म्हणजे मोडेमला कळणाऱ्या आज्ञा, पाठवतो, नंबर लावायला सांगतो, मोबाइल ‘कनेक्ट’ असं उत्तर देतो आणि बाजूला होतो. मग पीपीपीची (दोन टोकांमध्ये इंटरनेट जोडणी उभी करण्याच्या पद्धतीची) बोलणी करणं, आयपी पत्ता मिळवणं हे सगळं पाम स्वतः करतो.

आताच्या मोबाइलमधलं ब्लूटूथ टेदरिंग म्हणजे पॅन, म्हणजे पर्सनल एरिया नेटवर्किंग, हे प्रोफाइल. इथे मोबाइल राउटर होतो. इंटरनेटचं कनेक्शन त्याचं स्वतःचं असतं, तो जोडलेल्या उपकरणाला आपल्या मागचा खाजगी पत्ता वाटतो आणि पॅकेट पुढे ढकलतो. डायल करणं हा प्रकार त्यात कुठेच नाही. तुमचा पाम इमानाने नंबर फिरवतो आणि पलीकडे ते ऐकणारी सेवाच नसते. म्हणून पुन्हा पेअर करणं, पिन बदलणं, पाम रीसेट करणं यात वेळ घालवू नका.

सरळ मार्ग म्हणजे डीयूएन असलेला जुना फोन. नोकिया आणि सोनी एरिक्सनच्या त्या काळातल्या ब्लूटूथ फोनमध्ये ते सर्रास असायचं. अट एकच: त्या फोनचं नेटवर्क, टूजी किंवा थ्रीजी, तुमच्या भागात अजून सुरू हवं. बऱ्याच देशांत यातलं एक किंवा दोन्ही बंद झालं आहे, तेव्हा फोन शोधण्याआधी ते बघा. नेटवर्क असेल तर पामच्या प्रेफरन्सेसमध्ये कनेक्शन या पॅनेलवर नवं कनेक्शन करा, ‘फोन’ला जोडायचं, ब्लूटूथवरून. मग नेटवर्क पॅनेलमध्ये नंबर म्हणून *९९# द्या. हा कुणाचा फोन नंबर नाही, पॅकेट डेटा सुरू कर एवढाच त्याचा अर्थ. जीपीआरएसच्या (टूजीवरच्या पॅकेट डेटाच्या) आधी मात्र खराच कॉल लागायचा, सेकंदाला ९,६०० बिट एवढाच वेग मिळायचा आणि बिल मिनिटांवर यायचं. युजरनेम आणि पासवर्ड बऱ्याच नेटवर्कवर रिकामे ठेवले तरी चालतात. एपीएन, म्हणजे नेटवर्कच्या डेटा सेवेचं नाव, मात्र बरोबर लागतो. तो फोनमध्ये भरलेला नसेल तर मोडेमच्या इनिट स्ट्रिंगमध्ये (डायल करण्याआधी मोडेमला जाणाऱ्या आज्ञेत) एटी+सीजीडीसीओएनटी=१,"आयपी","तुमचा एपीएन" असं द्यावं लागतं (पामवर अर्थात रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत).

जुन्या फोनला ब्लूटूथ नसेल आणि इन्फ्रारेड असेल तरी काम होतं, कारण टंगस्टन टीला इन्फ्रारेडही आहे. पण दोन्ही खिडक्या समोरासमोर, मीटरभराच्या आत, आणि न हलवता ठेवाव्या लागतात. प्रवासात हा वैताग आहे.

मला स्वतःला पटलेला मार्ग दुसरा आहे: मध्ये एक छोटा लिनक्स संगणक ठेवायचा. वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेला रास्पबेरी पाय पुरतो, पॉवर बँकेवर चालतो. पाय तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट घेतो आणि पामपुढे जुन्या पद्धतीचं पीपीपी उभं करतो. मोबाइल फोरजीवर असो की फाइव्हजीवर, पामला त्याचा पत्ताही लागत नाही. जुनी नेटवर्क बंद पडली तरी हा मार्ग बंद होत नाही, म्हणून मी तोच सुचवीन.

यातला अडखळायला लावणारा भाग ब्लूटूथचा आहे. लिनक्समधलं ब्लूटूथ सांभाळणाऱ्या ब्लूझेड या सॉफ्टवेअरच्या पाचव्या मालिकेपासून सिरियल पोर्टची सेवा जाहीर करणारं जुनं हत्यार, एसडीपीटूल, आपोआप चालत नाही. ब्लूझेडची मागे चालणारी सेवा, ब्लूटूथडी, ‘कंपॅट’ पर्याय देऊन सुरू करावी लागते, तेव्हाच ते हत्यार बोलायला लागतं. पेअर करताना टंगस्टन जुन्या पद्धतीचा पिन मागतो, तर पायवर पिन देणारा एजंट चालू हवा. हे झालं की आरएफकॉमला (ब्लूटूथवरून सिरियल जोडणी देणाऱ्या प्रोग्रॅमला) एका चॅनेलवर कान देऊन बसवा आणि जोडणी आली की त्याने पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम, सुरू करावा अशी व्यवस्था करा. पीपीपीडीला दोन्ही टोकांचे पत्ते द्या, ‘नोऑथ’ आणि ‘लोकल’ द्या. पायवर आयपी फॉरवर्डिंग आणि मास्करेड चालू करा, म्हणजे पामची पॅकेट पायच्या पत्त्यावरून पुढे जातील. पामच्या बाजूला या वेळी ‘फोन’ऐवजी ‘पीसी’ला जोडायचं, ब्लूटूथवरून, आणि नंबर लागतच नाही.

अँड्रॉइडवर डीयूएन सेवा उभी करणारी काही ॲप्स मिळतात. करून बघायला हरकत नाही, पण त्यांचा रोख लॅपटॉप आणि टॅबलेटवर असतो, तेव्हा पामसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

वेगाची काळजी करू नका. त्या पिढीचं ब्लूटूथ एका दिशेने सेकंदाला ७२३ किलोबिटपर्यंत जातं, आणि जीपीआरएसवर प्रत्यक्षात ३०-४० किलोबिट मिळायचे. म्हणजे पायच्या मार्गाने तुमचा पाम तरुणपणी कधी नव्हता इतका जलद चालेल.

खरी भिंत त्यापुढे आहे, आणि ती आधीच माहीत असलेली बरी. कनेक्ट झाल्यावरही बहुतेक साइट उघडणार नाहीत. आजच्या साइटना एन्क्रिप्शनसाठी टीएलएस १.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. १.२ आली २००८ साली, म्हणजे तुमच्या पामनंतर सहा वर्षांनी, आणि टीएलएस १.० व १.१ ही दोन्ही २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. मेलचंही तेच. पायचा आणखी एक फायदा इथे होतो: त्याच्यावर प्रॉक्सी (पाम आणि साइट यांच्यामधला मध्यस्थ प्रोग्रॅम) बसवली की एन्क्रिप्शनचं काम पाय करतो आणि पामला साधं पान देतो. बातम्या, हवामान, विकीवरचं वाचन असं बरंच काही मग त्या ३२० बाय ३२० च्या पडद्यावर छान वाचता येतं. पण लक्षात घ्या, पाम ते पाय हा टप्पा त्या प्रॉक्सीमुळे साध्या मजकुराचा होतो आणि त्यावर संरक्षण फक्त जुन्या ब्लूटूथचं, तेही छोट्या पिनवर. बँकेचं किंवा मुख्य मेलचं लॉगिन या मार्गाने करू नका. मी करत नाही.

सगळं जोडून झाल्यावर नावाने काहीच उघडलं नाही, तर आधी आकड्यांचा आयपी पत्ता टाकून बघा. तो उघडला तर अडचण फक्त डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेची, आहे: पामच्या नेटवर्क पॅनेलमध्ये डिटेल्सखाली ‘क्वेरी डीएनएस’वर खूण आहे का ते पाहा, आणि पीपीपीडीला ‘एमएस-डीएनएस’ पर्यायात डीएनएस सर्व्हरचा पत्ता दिला आहे का तेही पाहा.