वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपचा कॅमेरा दिसेनासा झाला तर

प्रश्न : मी साताऱ्यात राहते आणि परदेशातील विद्यार्थिनींना लॅपटॉपवरून शास्त्रीय गायन शिकवते. लॅपटॉप पाच वर्षांचा असून त्यावर विंडोज ११ आहे. महिन्याभरापासून त्याचा कॅमेरा बंद आहे. 'कॅमेरा' ॲप उघडले की कॅमेरा सापडत नाही असा संदेश येतो आणि खाली ४२४४ या आकड्यांनी संपणारा सांकेतिक क्रमांक दिसतो. क्वचित पडदा थोडा मागे कलता केला की काही मिनिटे चित्र येते. दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. एवढा खर्च करावा का?

उत्तर : मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपची मुख्य पाटी, बदलण्याचा निर्णय आपण तूर्त थांबवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपण जाता जाता लिहिलेले एक वाक्य, म्हणजे पडदा कलता केल्यावर चित्र येते हे, संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाचे आहे.

कॅमेरा बंद पडतो तेव्हा दोन अगदी निराळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. एक तर संगणकाला कॅमेरा दिसत असतो, पण परवानगी नाकारलेली असल्यामुळे किंवा दुसऱ्या एखाद्या ॲपने तो अडवून ठेवल्यामुळे आपल्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. नाहीतर संगणकाला कॅमेरा दिसतच नाही. पहिल्या प्रकारात 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या विभागात जाऊन कॅमेऱ्याची परवानगी आणि त्याच पानावरील डेस्कटॉप ॲप्सची वेगळी परवानगी सुरू करणे बहुधा पुरते. आपला संदेश मात्र दुसऱ्या प्रकारचा आहे, त्यामुळे परवानग्यांच्या मागे लागून वेळ घालवू नये.

आधी साध्या शक्यता निकालात काढाव्यात. काही लॅपटॉपांच्या कडेला कॅमेऱ्याची जोडणी तोडणारे छोटे बटण असते, तर काहींच्या कळफलकावर वरच्या ओळीत कॅमेऱ्याचे चिन्ह असलेली कळ असते. नकळत ती दाबली गेली की विंडोजच्या दृष्टीने कॅमेरा अस्तित्वातच राहत नाही. त्यानंतर लॅपटॉप 'रीस्टार्ट' करावा. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच नव्हे, कारण 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची आधीची स्थिती साठवून ठेवते आणि तीच पुन्हा उचलते.

एवढ्याने काम झाले नाही तर विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा आणि 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस' हा विभाग पाहावा. कॅमेऱ्याच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला कॅमेरा चालवू देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, असतो. खाली वळलेला बाण असेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवला आहे. नावच नसेल तर 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडावे. तेथे नाव फिकट दिसले आणि त्याच्या माहितीत ४५ हा क्रमांक आला, तर त्याचा अर्थ एवढाच की कॅमेरा पूर्वी जोडलेला होता, आता नाही.

आता त्या महत्त्वाच्या वाक्याकडे येऊ. लॅपटॉपच्या पडद्यावरचा कॅमेरा बहुतेक वेळा आतल्या आत यूएसबीनेच जोडलेला असतो आणि त्याची बारीक केबल बिजागरीतून खाली मदरबोर्डकडे जाते. रोज झाकण उघडता-मिटता ती केबल तेथे वाकत राहते. कालांतराने एखादी तार तुटते किंवा टोकाची जोडणी सैल होते. 'कॅमेरा' ॲप उघडे ठेवून आपण पडदा अगदी हळू पुढे-मागे करून पाहावा. त्या हालचालीबरोबर यूएसबीचे उपकरण जोडल्या-काढल्याचा विंडोजचा तो दोन सुरांचा आवाज आला, तर दोष याच वाटेत आहे असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन, आणि सूर ओळखण्यात आपल्याला कोणाची मदत लागणार नाही. मग दुकानदाराला मदरबोर्डाविषयी काहीही न बोलता कॅमेऱ्याची केबल आणि तिची दोन्ही टोके तपासण्यास सांगावे. केबल किंवा कॅमेऱ्याची छोटी पट्टी बदलण्याचा खर्च मदरबोर्डाच्या तुलनेत किरकोळ असतो. तोवर बाहेरून जोडायचा साधा यूएसबी वेबकॅम घ्यावा, म्हणजे विद्यार्थिनींचे पाठ खंडित होणार नाहीत.

प्रश्न : माझा बाहेरून जोडलेला वेबकॅम यूएसबी हबवर (एका पोर्टला अनेक उपकरणे जोडू देणाऱ्या डबीवर) आहे, आणि त्याच हबवर हार्ड डिस्क लावली की तो मध्येच गोठतो. कॅमेरा बिघडला आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. १२८० गुणिले ७२० बिंदूंचे, सेकंदाला ३० चौकटींचे चित्र न दाबता (म्हणजे 'कॉम्प्रेस' न करता) पाठवायचे तर प्रत्येक बिंदूला २ बाइट धरून सेकंदाला सुमारे ४४२ मेगाबिट लागतात, आणि यूएसबी २.० ची कागदोपत्री मर्यादाच ४८० आहे. म्हणून बरेच कॅमेरे चित्र दाबून पाठवतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने दाबलेले चित्र थेट ॲपपर्यंत जाऊ देणे थांबवले, तेव्हा अनेकांचे चांगले कॅमेरे असेच गोठले होते. आपल्या हबवर यूएसबीची ही मर्यादित वाट आणि वीज दोन्ही डिस्कबरोबर वाटली जाते. कॅमेरा लॅपटॉपच्या स्वतंत्र पोर्टमध्ये थेट जोडावा. पोर्ट मोकळे नसेल तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्यावा आणि मीटिंगच्या वेळी डिस्कवर मोठ्या फाइली उतरवू नयेत.