मायनर लीगमधली फार दिवस न टिकलेली पण लोकांना अजून आठवते अशी एखादी बेसबॉल टीम आहे का?

आहे की. पोर्टलंड मॅव्हरिक्स. ऑरेगनमधलं पोर्टलंड, १९७३ ते १९७७, एवढे पाचच सीझन. आणि गंमत म्हणजे ही टीम तोट्यात जाऊन बंद नाही पडली, जरा जास्तच चालायला लागली म्हणून गेली.

आधी मायनर लीगचा प्रकार समजून घ्या नाहीतर यातली मजा कळणार नाही. तिकडे मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, प्रत्येक क्लबच्या हाताखाली खालच्या लेव्हलच्या बऱ्याच टीम असतात, खेळाडूंचा पगार वरचा क्लब देतो, त्यामुळे कोणाला खेळवायचं, कोणाला वर न्यायचं, कोणाला घरी बसवायचं हे पण तोच ठरवतो. म्हणजे नावाला टीम तुमच्या गावची, पण ऐन रंगात आलेल्या सीझनमधे तुमचा बेस्ट पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) उचलून नेला तरी तुम्ही काही बोलू शकत नाही.

पोर्टलंडमधे १९७२ पर्यंत ट्रिपल एची, म्हणजे मायनर लीगमधल्या सगळ्यात वरच्या पायरीची, बीव्हर्स टीम होती, ती स्पोकेनला निघून गेली आणि शहर रिकामं झालं. तिथे आले बिंग रसेल. हे टीव्हीवरचे ॲक्टर, बोनान्झा सीरियलमधले डेप्युटी क्लेम, आणि हॉलिवूडच्या कर्ट रसेलचे वडील. नॉर्थवेस्ट लीग म्हणजे तेव्हा जवळजवळ तळाची पायरी, सीझन जेमतेम जून ते सप्टेंबर, तिथे त्यांनी टीम काढली आणि कुठल्याच मोठ्या क्लबचा हात धरला नाही. पगार स्वतः द्यायचा, माणसं स्वतः निवडायची. त्या काळात जवळजवळ सगळ्याच टीम कोणाच्या ना कोणाच्या पदराखाली असताना हा शुद्ध येडेपणा होता.

खेळाडू कुठून आणले? पेपरात जाहिरात, ट्रायलला कोणीही या. मग आले की लोक देशभरातून, क्लबांनी काढून टाकलेले, वय झालेले, कधी कोणी विचारलंच नाही असे. आयपीएलच्या ऑक्शनमधे अनसोल्ड राहिलेल्यांचीच एक टीम बनवल्यासारखं. पगार महिना ३०० डॉलरच्या आसपास. आणि समोर कोण तर मोठ्या क्लबांनी घसघशीत बोनस देऊन घेतलेली विशीतली पोरं, त्यांना हरवायची खुमखुमी यांना किती असेल विचार करा. पहिल्याच मॅचला यांच्या जीन लॅन्थॉर्नने नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्यांना अख्ख्या मॅचमधे एक हिट मिळू दिली नाही!

मॅनेजर फ्रँक पीटर्स हा तर वेगळाच नमुना. १९७४ मधे एका मॅचला त्याने दर इनिंगला सगळ्यांच्या जागा बदलल्या, पिचर फील्डमधे, फील्डर पिचिंगला, आणि तरी जिंकले. समोरच्या टीमला सिरीजमधे सगळ्या मॅच हरवल्या की एक जण झाडू घेऊन मैदानात नाचायचा, कधी कधी तो झाडू पेटवून. ऑफिसमधे पण तेच, लॅनी मॉस नावाच्या बाईंना जनरल मॅनेजर केलं, तेव्हा प्रोफेशनल बेसबॉलमधे त्या खुर्चीत बाई दिसतच नव्हती.

मला यातला सगळ्यात आवडता माणूस जिम बूटन. एकेकाळचा न्यूयॉर्क यँकीज या मेजर लीग टीमचा स्टार पिचर, १९७० मधे ड्रेसिंग रूमच्या आतल्या गोष्टी पुस्तकात लिहिल्या म्हणून बेसबॉलवाले त्याच्यावर खार खाऊन होते. त्याला मॅव्हरिक्सने घेतलं, तिथे नकलबॉल (न फिरता हवेत डुलत जाणारा हळू बॉल) टाकत टाकत गडी १९७८ मधे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी अटलांटाकडून परत मेजर लीग खेळला. आणि १९७७ मधे बुलपेनमधे (पिचर वॉर्म-अप करतात त्या जागेत) बसल्या बसल्या रॉब नेल्सन नावाच्या दुसऱ्या पिचरने त्याला एक आयडिया सांगितली, खेळाडू तंबाखू चघळतात ना, तशीच दिसणारी पण बबलगमची बारीक पट्टी करून पाऊचमधे घालून विकायची. तेच ते बिग लीग च्यू, १९८० पासून बाजारात आहे, अजून विकलं जातं. (टीमचा बॅटबॉय टॉड फील्ड पुढे ऑस्कर नॉमिनेशनवाला डायरेक्टर झाला, हे आपलं जाता जाता.)

आता शेवट कसा झाला. १९७७ मधे ४४ जिंकल्या २२ हरल्या, घरच्या मैदानावर सीझनभरात सव्वा लाख लोक आले, त्या लेव्हलला हा आकडा अचाटच. फायनल मात्र बेलिंगहॅमकडून हरले, लीगचं टायटल यांना कधीच मिळालं नाही. पण एवढी गर्दी बघून वरच्या पॅसिफिक कोस्ट लीगला पोर्टलंडची आठवण झाली. तेव्हा नियम असा होता की वरच्या दर्जाच्या लीगला शहर हवं असेल तर खालच्या टीमने भरपाई घेऊन जागा सोडायची, नाही म्हणायची सोयच नाही. त्यांनी देऊ केले २६,००० डॉलर. बिंग म्हणाले २,०६,००० द्या. सगळ्यांना वाटलं म्हातारा काहीतरीच मागतोय, पण भांडण लवादाकडे गेलं आणि निकाल बिंगच्या बाजूने, पूर्ण २,०६,०००! पैसे मिळाले, टीम गेली, आणि १९७८ ला बीव्हर्स परत आले.

माझ्या मते बिंगना पैशापेक्षा टीम ठेवायला जास्त आवडलं असतं, पण तो पर्याय त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. इंटरेस्ट असेल तर यावर २०१४ ची एक डॉक्युमेंटरी आहे, नेटफ्लिक्सवाली, जरूर बघा, फक्त ती बिंगच्या नातवांनीच बनवलीये त्यामुळे आजोबांचं कौतुक थोडं जास्त आहे हे धरून चाला.