गायक नसलेल्या तिघांच्या बँडला मराठवाड्यात श्रोते मिळतील का?

गिटार, बेस आणि ड्रम्स एवढ्यावर जॅझ, फंक आणि रॉक एकत्र वाजवणाऱ्या आपल्या बँडने लातूर-नांदेड भागात कार्यक्रम मिळवण्यासाठी गायक घ्यावा का आणि मानधन किती मागावे, असे आपण विचारले आहे. गायक घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आम्हीही तिघेच होतो; मी बेस वाजवत असे. लातूरच्या एका गणेशोत्सवात पहिली वीस मिनिटे मंडळी गायकाची वाट पाहत बसली, आणि मंडळाचे एक कार्यकर्ते दोनदा मंचाजवळ येऊन ‘गाणारे कधी येणार?’ असे विचारून गेले. आमचा गिटारवादक त्याने अस्वस्थ झाला आणि प्रत्येक मात्रा स्वरांनी भरू लागला. तो जितके अधिक वाजवी, तितक्या मागच्या खुर्च्या रिकाम्या होत. मग त्याची तार तुटली. तो ती बदलत असताना मी आणि ड्रमरने आठ मात्रांची एक फंक चाल धरली: पहिल्या मात्रेवर सगळा भार, पुढे बेसचे मोजके दोन-तीन स्वर आणि उरलेल्या जागेत स्नेअर या छोट्या ड्रमवरचे अगदी हलके आघात. ज्यांचे कान भजनी ठेक्यावर घडले आहेत त्यांना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवावी लागत नाही. चार-पाच आवर्तनांतच पुढच्या रांगेतील वृद्धांच्या माना समेवर हलू लागल्या आणि उठून गेलेल्यांपैकी काही जण मंडपाच्या कडेला येऊन उभे राहिले.

गिटारवादकाने यातून काढलेला निष्कर्ष असा, की लोकांना शब्द लागतात. महिन्याभरात गायक आला, पाठोपाठ चित्रपटगीते आली, आणि आम्ही स्वागतसमारंभांत वाजवू लागलो. मी सहा महिन्यांत बाहेर पडलो. आजही भेट झाली की तो तेच सांगतो, आणि मीही त्याला तेच सांगतो की त्या रात्री माणसे उठली ती त्याच्या घाईमुळे. तिघांमध्ये गिटार एकल वाजू लागली की मागे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरणारे कोणी उरत नाही; तेव्हा बेसने मूळ स्वराबरोबर कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वरही सुचवायचा असतो, आणि त्यासाठी गिटारने थांबायला शिकावे लागते. जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीचे १९८९ मधील लंडनचे ध्वनिमुद्रण आपण तिघांनी मिळून ऐकावे. त्यात काई एकहार्ट बेसवर आहेत, आणि तालवाद्ये ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांची आहेत. न्यू यॉर्कच्या मेडेस्की, मार्टिन आणि वुड या त्रयीत तर गिटारऐवजी ऑर्गन आणि पियानो आहेत, गायक तिथेही नाही.

अर्थात, घर याच उत्पन्नावर चालणार असेल तर लग्नसराईपुरता गायक घेण्याला मी दोष देणार नाही. फक्त तो बँड वेगळ्या नावाने चालवावा. मानधनाचा आकडा गावागणिक बदलतो, परंतु साउंडचा खर्च आयोजकांकडे राहील हे आधी ठरवून घ्यावे. आणि साउंडवाले सवयीने मंचाच्या मध्यभागी जो माइक उभा करतात, तो कार्यक्रमापूर्वी काढायला सांगावा; तो तिथे दिसतो तोवर मंडळी गायकाचीच वाट पाहतात.